डिस्क भरली, पण फायली कुठायत?

समजा, लिनक्स सर्व्हरवर ५० जीबीची डिस्क आहे. ‘डीएफ’ ही कमांड सांगते की ४६ जीबी भरले. ‘डीयू’ सगळे फोल्डर फिरून बेरीज करते, ती येते जेमतेम १९ जीबी. मधले २७ जीबी कोणी खाल्ले? नवखा ॲडमिन इथे डिस्क खराब झाली म्हणून मोकळा होतो. सहसा डिस्क ठणठणीत असते आणि दोन्ही कमांड खरं बोलत असतात.

या दोन्ही कमांड १९७१ च्या पहिल्या युनिक्सपासून आहेत आणि तेव्हापासून त्यांचं मोजमाप वेगळं आहे. डीएफ थेट फाइलसिस्टिमला विचारते, किती ब्लॉक वापरात आहेत? डीयू मात्र एकेका नावावरून जाते: फोल्डर उघडायचा, फाइल पाहायची, तिचे ब्लॉक बेरजेत धरायचे. ज्या फाइलला नाव नाही, किंवा नावापर्यंत पोहोचायची वाट बंद आहे, ती डीयूच्या हिशेबात येतच नाही. म्हणून तफावत दिसली की वैतागण्याऐवजी खूश व्हावं. तपासाचा पहिला धागा तोच असतो. मात्र डीयू रूटच्या अधिकाराने चालवा आणि तिला ‘एक्स’ हा पर्याय द्या. नाहीतर काही फोल्डर परवानगीअभावी सुटतात आणि दुसऱ्या डिस्कवरच्या फायलीही बेरजेत घुसतात.

बिननावाची फाइल ही भानगड काय? लिनक्समध्ये ‘आरएम’ केल्यावर फक्त फोल्डरमधली नोंद जाते. फाइलचा खरा पत्ता असतो आयनोडमध्ये. त्या आयनोडकडे बोट दाखवणारं एकही नाव उरलं नाही आणि कोणत्याही प्रोग्रॅमने ती फाइल उघडून ठेवलेली नसली, तरच कर्नल जागा सोडतो. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं तरी शेतात कूळ बसलेलं असेल, तर जमीन मोकळी होत नाही, तसंच हे. ही रचना मुद्दाम केलेली आहे. चालू प्रोग्रॅमची लायब्ररी अपडेटमध्ये बदलली, तरी तो प्रोग्रॅम जुन्या प्रतीवर बिनबोभाट चालत राहतो, तो याच सोयीमुळे.

पण लॉग फाइलच्या बाबतीत हीच सोय अंगाशी येते. डिस्क भरत आली, कोणाला तरी २७ जीबीचा लॉग दिसला, त्याने आरएम मारलं. डीयूचा आकडा धपकन उतरला, डीएफचा जागचा हलला नाही. वेब सर्व्हरला या गोष्टीचा पत्ताही नाही. तो त्याच बिननावाच्या फाइलमध्ये ओळीमागून ओळी लिहितोय. म्हणजे साफसफाई झाल्यावरही डिस्क भरतच राहते, आणि आता भरणारी फाइल दिसतही नाही.

ती पकडायची ‘एलएसओएफ’ने. या कमांडला ‘+एल१’ जोडलं की नावं शून्यावर आलेल्या, पण अजून उघड्या असलेल्या फायलींची यादी मिळते: प्रोग्रॅमचं नाव, त्याचा प्रोसेस क्रमांक, फाइलचा आकार आणि शेवटी ‘डिलिटेड’ असा शेरा. तो प्रोग्रॅम रीस्टार्ट केला की जागा लगेच सुटते. रीस्टार्ट परवडत नसेल, तर ‘प्रॉक’ फोल्डरमध्ये त्या प्रोसेस क्रमांकाखालच्या ‘एफडी’मधून ती फाइल शून्यावर आणता येते. चुकून कामाची फाइल पुसली गेली असेल, तर याच दारातून तिची प्रतही काढता येते. फक्त तोवर प्रोग्रॅम चालू राहायला हवा. घाबरून आधी सर्व्हर रीबूट करणारे ही संधी स्वतःच्या हाताने घालवतात.

एलएसओएफमध्ये काही सापडलं नाही, तर माउंटकडे वळा. रात्री बॅकअपची डिस्क जोडली गेली नाही आणि स्क्रिप्टने बॅकअप मूळ डिस्कवरच्या त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये ओतला, असं होतं. सकाळी डिस्क जोडली की तिच्याखाली तो ढीग झाकला जातो. मूळ फाइलसिस्टिम दुसऱ्या एखाद्या फोल्डरवर ‘बाइंड माउंट’ करून तिथे डीयू चालवली की झाकलेलं उघडं पडतं. बीटीआरएफएस असेल तर जुने स्नॅपशॉट तपासा. पुसलेल्या फायलींची जागा ते धरून बसतात.

काही वेळा डीएफचे स्वतःचेच आकडे जुळत नाहीत. ईएक्सटी४ फाइलसिस्टिम ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते, म्हणजे ४ टीबीच्या डिस्कवर तब्बल २०० जीबी. नुसता डेटा ठेवायच्या डिस्कवर ही उधळपट्टीच आहे. ‘ट्यून२एफएस’ने ती १ टक्क्यावर आणायला हरकत नाही. सिस्टिमच्या डिस्कवर मात्र ती राहू द्या. डिस्क काठोकाठ भरली तरी रूटला आत येऊन काम करता येतं, ते त्याच जागेच्या जिवावर.

आणि जीबी शिल्लक दिसत असूनही ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ आलं, तर ‘डीएफ’ला ‘आय’ जोडून बघा. ईएक्सटी४ साधारणपणे दर १६ केबीमागे एक आयनोड धरून चालते आणि ही संख्या फॉरमॅट करतानाच ठरते. लाखो चिमुकल्या सेशन फायली साचल्या की आयनोड आधी संपतात.

लॉगपुरतं सांगायचं तर चालू लॉग कधी पुसू नका, ‘ट्रंकेट’ने रिकामा करा. त्याहून बरं म्हणजे आजच लॉगरोटेट लावा आणि लॉग फिरवल्यावर प्रोग्रॅमला नवी फाइल उघडायचा निरोप जातोय ना, हे एकदा डोळ्यांनी तपासा.