अर्ज नाही, वर्गणी नाही

आपल्याकडे चार माणसं एका विषयावर तीनदा भेटली, की चौथ्या भेटीत पावतीपुस्तक येतं. वाचनालय असो, पतपेढी असो की सोसायटीतला गणपती, अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार ठरल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. माझं तर सारं आयुष्य बँकेत गेलं. साधं बचत खातं उघडायचं तरी जुन्या खातेदाराची ओळख लागे. त्याची सही नमुन्याशी जुळली नाही, तर पैसे घेऊन आलेल्या माणसालाही आम्ही हात हलवत परत पाठवत असू. त्यामुळे एक क्लब अर्ज, ठरलेली वर्गणी आणि निवडणूक यांवाचून अकरा वर्षं चालला, हे वाचलं तेव्हा माझ्यातला अधिकारी दचकला.

हा क्लब म्हणजे कॅलिफोर्नियातला होमब्रू कॉम्प्युटर क्लब. ५ मार्च १९७५ च्या पावसाळी संध्याकाळी मेन्लो पार्क गावात, गॉर्डन फ्रेंच यांच्या मोटारीच्या गॅरेजमध्ये तीसेक माणसं जमली. फ्रेंच यांच्या जोडीनं बोलावणं धाडणारे होते फ्रेड मूर. १९५९ साली सक्तीच्या लष्करी शिक्षणाविरुद्ध बर्कलीच्या विद्यापीठात एकट्यानं उपोषणाला बसलेला विद्यार्थी तो हाच. (हे हत्यार कुठून कुठं पोहोचलं पाहा!) कॉम्प्युटर ही तेव्हा बड्या कंपन्यांची आणि सरकारची मिरास. पण त्याच जानेवारीत एका मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ झळकला होता. सुटे भाग घरी मागवायचे आणि डाग देऊन आपणच जोडायचे. किंमत चारशे डॉलरच्या आसपास. ना कीबोर्ड, ना पडदा. समोर नुसती बटणं आणि लुकलुकणारे दिवे. स्मरणशक्ती २५६ बाइट्स. आजच्या पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट्स लागतात, म्हणजे या लेखातलं एखादं लांबलचक वाक्य त्यात मावलं नसतं.

अशा खोक्याचा उपयोग काय? एप्रिलमध्ये स्टीव्ह डॉम्पिअर नावाच्या सभासदानं त्याचं उत्तर दिलं. त्यानं अल्टेअरजवळ एक रेडिओ ठेवला आणि बटणं वरखाली करत एकेक आज्ञा भरायला सुरुवात केली. तेवढ्यात कुणाचा तरी पाय वायरीत अडकला, वीज गेली आणि सारं पुसलं गेलं. गडी पुन्हा पहिल्यापासून बसला. शेवटी रेडिओच्या खरखरीतून बीटल्सच्या एका गाण्याची चाल वाजू लागली आणि सगळी सभा उठून उभी राहिली.

आता सभासदत्वाचं. येईल तो सभासद! ज्याला वाटेल त्यानं खर्चापोटी एक डॉलर द्यावा, अशी नुसती सूचना होती, आणि तिसऱ्या सभेपर्यंत जमले ५२ डॉलर ६३ सेंट. हे ६३ सेंट मला फार आवडतात. रोकड मोजताना असा आकडा आला, की समजावं, कुणीतरी खरोखर खिसा झाडला आहे. पुढं सभा स्टॅनफर्डच्या संशोधन केंद्राच्या सभागृहात भरू लागल्या. ली फेल्सनस्टाइन हातात काठी घेऊन सभा चालवत. हात वर करणाऱ्याकडे काठी वळली, की त्यानं उठून आपण कोण, आपल्याकडे काय आहे आणि आपल्याला काय हवं, एवढं सांगायचं. मग सभा मोडायची आणि ज्याला जो हवा त्यानं त्याला गाठायचं. आमच्या बँकेत ओळख दुसऱ्यानं द्यायची असे, इथं ज्यानं त्यानं आपली आपणच द्यायची.

मागच्या रांगेत स्टीव्ह वॉझनिअ‍ॅक नावाचा एक बुजरा इंजिनीअर बसे. उभं राहून बोलण्यापेक्षा त्याला सर्किटं आखणं सोपं वाटे. ज्या यंत्राला पुढं ‘अ‍ॅपल १’ म्हटलं गेलं, त्याचे नकाशे त्यानं या क्लबात फुकट वाटले. ‘हे विकू या’ ही कल्पना त्याच्या मित्राची, स्टीव्ह जॉब्सची. १ एप्रिल १९७६ ला कंपनी स्थापन झाली.

पण देण्याघेण्याची दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितल्यावाचून मला पुढं जाववत नाही. अल्टेअरसाठी बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांनी बेसिक भाषेचा प्रोग्रॅम लिहिला होता. त्याची एक कागदी पट्टी कुणीतरी उचलली. एका सभासदानं तिच्या पन्नासांवर प्रती काढून क्लबात वाटल्या. अट एवढीच, की एक घेतली तर पुढच्या सभेला दोन आणायच्या. अशा व्याजानं आमची बँक चंद्रावर शाखा काढती! ३ फेब्रुवारी १९७६ च्या तारखेचं गेट्सचं अनावृत पत्र आलं. वीस वर्षांच्या त्या मुलानं हिशेब मांडला होता, की अल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांनीही बेसिक विकत घेतलेलं नाही, आणि आम्हाला मिळालेला मोबदला तासाला दोन डॉलरहून कमी पडतो.

क्लबवाले चिडले. मी मात्र कादंबरीकार आहे. माझ्या एका कादंबरीची चोरटी प्रत आज अनोळखी माणसंही मला प्रेमानं फोनवर पाठवतात. माझं मत गेट्सच्या बाजूनं पडतं. वॉझनिअ‍ॅकनं वाटलं ते स्वतःचं होतं, पट्टी दुसऱ्याची होती.

ही गाठ पुढं काहींनी निराळ्या तऱ्हेनं सोडवली. लेखकानंच लिहून द्यायचं, की माझा प्रोग्रॅम वापरा, वाटा, सुधारा, मात्र सुधारलेला वाटाल तर त्याच मोकळीकीनं वाटा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये असा परवाना तयार केला आणि १९९२ मध्ये लिनक्स त्याच्या छत्राखाली आलं. लिनक्सवेड्यांचे क्लब मग गावोगावी निघाले. पुण्यातल्या अशाच एका मंडळीत, निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, मी सामील झालो.

कारण अगदी घरगुती होतं. १९९७ साली मी एक कादंबरी कॉम्प्युटरवर उतरवली होती. प्रकाशक मिळाला नाही, कागदी प्रत वाळवीनं खाल्ली, उरली ती फाइल. ती उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. त्या काळातले मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागांवरच देवनागरीची वळणं बसवत. फाँट गेला की मजकूर मुका. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची जागा १९९१ पासूनच होती, पण आमच्या टायपिंगवाल्यांपर्यंत ती पोहोचायला बराच काळ गेला.

महिन्यातून एका शनिवारी कॉलेजच्या एका वर्गात सभा भरते. तिथंही ‘काय येतं, काय हवं’ हाच प्रश्न. ‘काय हवं’ मी सांगितलं. एका मुलीनं विचारलं, ‘काका, एखादं पान छापलेलं आहे का?’ जुन्या पत्रव्यवहारात एक प्रकरण सापडलं. ते शेजारी ठेवून तिनं कुठल्या चिन्हाचं कुठलं अक्षर याची यादी केली. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांनी तिला दोन सभा छळलं, कारण त्या फाँटमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि युनिकोडमध्ये नंतर. तिसऱ्या सभेला २१२ पानं वाचता येऊ लागली. माझी नायिका सत्तावीस वर्षांनी पुन्हा बोलू लागली. थोडी जास्तच बोलते, असं आता वाटतं.

पैसे विचारले तर ती म्हणाली, ‘तुम्हाला काय येतं ते अजून सांगितलं नाहीत.’ मला दोनच गोष्टी येतात: मराठी आणि खतावणी. दोन्ही कामी आल्या. ही मंडळी कॉम्प्युटरच्या आज्ञा मराठीत आणत असतात, त्यांचं शुद्धलेखन तपासायला मला बसवलंय. पहिल्याच दिवशी ‘अनडू’वरून वाद झाला. त्यांनी लिहिलं होतं ‘रद्द करा’. मी म्हटलं, रद्द म्हणजे कॅन्सल. चेक रद्द होतो. झालेली नोंद पुसता येत नाही, तिच्यासमोर उलट नोंद घालावी लागते. अनडू म्हणजे ती उलट नोंद. एक तरुण म्हणाला, ‘काका, “उलट नोंद करा” बटणात मावत नाही.’

‘मागे घ्या’ असं मी सुचवलंय. दोघे माझ्या बाजूनं आहेत, तिघे विरुद्ध, आणि ती मुलगी अजून काही बोललेली नाही. येत्या शनिवारी ठरेल.