टपावरची शिडी आणि दोराचे वेढे

दुधनेच्या खोऱ्यातील परतूर तालुक्याची काळी जमीन कापसाला जितकी उदार तितकीच सडकेला कठोर आहे. कारण तिच्यातील माँटमोरिलोनाइट नावाचे मृत्तिका-खनिज पावसाळ्यात पाणी शोषून फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वर्षानुवर्षांच्या या हालचालीने वरचे डांबर उंचसखल होऊन जाते. अशा सडकेने एखादा रंगारी किंवा वायरमन गाडीच्या टपावरील कॅरिअरवर लांब शिडी घालून परतूरहून मंठ्याकडे वा आष्टीकडे निघाला, म्हणजे ती शिडी नेमकी कशाच्या आधाराने जागेवर राहते, हा प्रश्न पदार्थविज्ञानाचा होतो.

शिडी स्वतःच्या भारानेच स्थिर राहील, हा समज फार प्रचलित आणि तितकाच घातक आहे. कोरड्या डांबरावर चालकाने जोराने ब्रेक दाबला असता शिडीला गाडीबरोबर थांबवण्यासाठी तिच्या वजनाच्या सुमारे ७० टक्के बल लागते, म्हणजे २० किलोच्या शिडीला १४ किलो भाराइतके. परंतु रंगवलेल्या लोखंडी दांडीवर ॲल्युमिनियमचा घर्षणांक ०.३ धरला, तर घर्षण जेमतेम ६ किलोंचा हिशेब चुकता करते. शिवाय चाक उंचवट्यावरून खाली आदळले की शिडी क्षणमात्र दांडीवरून उचलली जाते, आणि जिथे दाबच उरला नाही तिथे घर्षणही उरत नाही. त्यात वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी ४० ऐवजी ८० किलोमीटर वेग धरल्यास तो दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून केवळ वरून आवळलेला दोर पुरेसा नाही. पायरीला वेढून एक दोर पुढच्या बाजूस व एक मागच्या बाजूस तिरपा ओढलेला असावा, जेणेकरून शिडीला सरकण्यास वाटच राहू नये.

दोर आवळण्यात मनगटाचे सामर्थ्य खर्च करण्यापेक्षा वेढ्यांवर विसंबणे अधिक शहाणपणाचे आहे. उधळलेल्या खोंडाचा कासरा झाडाच्या बुंध्याला दोन वेढे देऊन एकटा शेतकरी त्याला धरून ठेवतो, त्यामागील गणित लिओनार्ड ऑयलर याने १८ व्या शतकात मांडले: वेढ्यांची संख्या वाढते तशी दोराची धारणशक्ती बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. घर्षणांक तोच ०.३ मानल्यास एका पूर्ण वेढ्याने मोकळ्या टोकावरील ओढीच्या ६.६ पट, दोन वेढ्यांनी ४३ पट आणि तिसऱ्याने सुमारे २८५ पट ताण पेलला जातो. गाठीचे काम त्यामुळे उरते ते फक्त टोक सुटू न देण्याचे.

दोराच्या जातीकडेही लक्ष दिले पाहिजे. पिळाचा सुती दोर भिजला की तंतू फुगून आखूड होतो व घट्ट बसतो. नायलॉन मात्र पाण्याने थोडे सैलावते, काही अंशी दुबळे होते, आणि उन्हातील अतिनील किरणांनी कालांतराने झिजते. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या या कामी मला सर्वथा अयोग्य वाटतात, कारण रबर ताणले जाते तेव्हा ते भार रोखत नाही, तर प्रत्येक धक्क्यागणिक त्याला हेलकावे घेऊ देते. सपाट पट्टा वापरणाऱ्यांनी त्याला मधे एक पीळ द्यावा; सरळ पट्ट्यावरून वाहणारा वारा त्याला थरथरवत राहतो, पिळामुळे ही थरथर मोडते.

गाडीच्या अनुज्ञेय मर्यादेबाहेर माल पुढे, मागे, बाजूस वा उंचीत गेल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ (१अ) अन्वये २०,००० रुपये दंड आणि माल उतरवण्याचा खर्च आकारला जातो, ही गोष्टही निघण्यापूर्वी ध्यानात घ्यावी. प्रवासाच्या पहिल्या काही किलोमीटरांतच दोराचे तंतू एकमेकांत बसतात व ताण उतरतो. तेव्हा गाव सुटल्यावर पहिल्याच सोयीच्या ठिकाणी गाडी सडकेच्या कडेला घेऊन प्रत्येक दोर पुन्हा आवळून घ्यावा.