ग्रामसभा गेली, आता प्रश्न कुठं विचारायचा?

गावाची नगरपंचायत झाली की पाटी बदलते, शिक्के बदलतात. पण सरपंचाला समोर बसवून जाब विचारायची हक्काची जागाही जाते. ती परत कशी मिळवायची? बदनापूरमध्ये आणि बदनापूरसारख्या प्रत्येक तालुक्याच्या गावात राहणाऱ्या तुमच्यासाठी...

तुमच्या प्रभागाचा नगरसेवक कोण आहे?

थांबा, मोबाइल खिशातच ठेवा. आठवून सांगा.

हाच प्रश्न मी आमच्या वर्गात विचारला होता. मास कम्युनिकेशनचा वर्ग, म्हणजे उद्याचे पत्रकार. आमदार सगळ्यांना माहीत, खासदारही बहुतेकांना. नगरसेवकाचं नाव मात्र चौघांनाच आलं, आणि त्यातल्या एकीचे तर ते काकाच होते! आता गंमत बघा. घरासमोरची नाली, कोपऱ्यावरचा बंद दिवा, नळाला कधी पाणी येणार, जन्माचा दाखला, अभ्यासिका, या सगळ्यांचा संबंध दिल्ली-मुंबईशी कमी आणि त्या नाव न आठवणाऱ्या माणसाशी जास्त असतो.

बदनापूरचंच घ्या. जालना आणि छत्रपती संभाजीनगरच्या मधलं हे तालुक्याचं गाव. शेतकऱ्यांना ते तुरीमुळे माहीत आहे. 'बीडीएन 711' या वाणातलं बीडीएन म्हणजे बदनापूरच. कॉलेजच्या पोरापोरींसाठी ते सकाळी बस नाहीतर रेल्वे पकडून निघायचं आणि संध्याकाळी परत यायचं गाव. दिवस बाहेर जातो, त्यामुळे गावात काय चाललंय त्याकडे लक्षच जात नाही.

इथल्या नगरपंचायतीत 17 प्रभाग आहेत. मागची निवडणूक दोन टप्प्यांत झाली, 21 डिसेंबर 2021 आणि 18 जानेवारी 2022 ला. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न सुप्रीम कोर्टात गेल्यामुळे काही जागांचं मतदान पुढं ढकललं गेलं होतं. तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण शाळेत नाहीतर ज्युनिअर कॉलेजात असतील. म्हणजे आज गावाचा कारभार चालवणाऱ्यांना तुम्ही मत दिलेलंच नाही. पण उत्तर मागायला मत दिलेलं असावंच लागतं, असं कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नाही.

पाटी बदलली, मग काय बदललं?

महाराष्ट्रात 2014-15 च्या सुमारास सरकारनं तालुका मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायती करायचं धोरण राबवलं. ना धड खेडं, ना धड शहर अशा गावांसाठी ही व्यवस्था आहे. तिचं मूळ 74 व्या घटनादुरुस्तीत आहे, जी 1 जून 1993 पासून लागू झाली. गावाला मुख्याधिकारी मिळाला, शहरांसाठीच्या योजना मिळाल्या. चांगलंच झालं.

पण एक गोष्ट गेली, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. ती म्हणजे ग्रामसभा.

तुमच्या आजोबांना विचारा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. झेंडावंदन झालं की ग्रामसभा. मतदार यादीत नाव असलेला कुणीही उठून म्हणू शकत होता, "सरपंच, त्या बोअरचं काय झालं?" भांडणं व्हायची, कोरम व्हायचा नाही, कधी सभा कागदावरच व्हायची, हे सगळं खरं. तरी जागा होती. कायद्यानं दिलेली होती.

नगरपंचायतीत तशी सभा नाही. मोठ्या शहरांत प्रभाग समित्या असतात, पण घटनेनं त्या तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांनाच सक्तीच्या केल्यात. 2009 मध्ये महाराष्ट्रानं शहरांसाठी 'क्षेत्रसभे'ची तरतूद कायद्यात आणली. कल्पना अशी की मतदान केंद्राच्या परिसरातल्या मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागाबद्दल बोलावं. तुम्हाला कधी अशा सभेचं निमंत्रण आलंय? मलाही नाही.

म्हणजे ग्रामपंचायतीत उत्तर देणारे गावासमोर येऊन बसायचे. नगरपंचायतीत आपणच उठून उत्तरापर्यंत जायचं असतं. रस्ते आहेत, पण ते कुणी दाखवत नाही. मलाही ते एका कुलपामुळं सापडले.

कुलूप लावलेली अभ्यासिका

माझं गाव असंच तालुक्याचं, नाव सांगत नाही. तिथं एक अभ्यासिका बांधली होती. दोन खोल्या, खिडक्यांना जाळी, बाहेर छान पाटी. आणि दाराला कुलूप. दीड वर्ष.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? माझी एक मैत्रीण तलाठी भरतीचा अभ्यास करत होती. घरात दोन खोल्या, सहा माणसं, रात्री अकरापर्यंत टीव्ही. ती पहाटे चारला उठून ओट्याशेजारी बसून वाचायची. संभाजीनगरला खोली करून राहायला घरचे तयार नव्हते, परवडणारंही नव्हतं. तिच्यासाठी ते कुलूप म्हणजे वर्षातले किती तास, हिशेब करा.

आम्ही आधी काय केलं? सगळे करतात तेच. स्टेटस ठेवलं. शंभर जणांनी पाहिलं, आठ जणांनी रागाचा इमोजी टाकला. कुलूप तसंच.

मग आमच्या एका सरांनी सांगितलं, सोमवारी जा. आम्हाला काही कळेना. सोमवारीच का? तर 2018 च्या नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारनं एक आदेश काढलाय. जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत, स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये, दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे. अभिलेख म्हणजे फायली, साध्या भाषेत.

आम्ही चौघी गेलो. पहिल्या सोमवारी "साहेब मीटिंगला गेलेत." दुसऱ्या सोमवारी एका काकांनी चष्म्यावरून बघितलं. "बेटा, फाइल वाचून काय कळणार तुला?"

"नाही कळलं तर तुम्हालाच विचारू की काका," मैत्रीण म्हणाली.

ते हसले आणि फाइल काढून दिली. खरं सांगायचं तर नंतर त्यांनीच शेजारी बसून एकेक कागद समजावला. अंदाजपत्रक. कार्यारंभ आदेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायला दिलेलं पत्र. मोजमाप पुस्तिका, ज्यात झालेल्या कामाची मापं लिहितात. काम पूर्ण झाल्याचा दाखला. बिल दिल्याची नोंद. सगळं जागच्या जागी. आणि सगळ्यात खाली वीज कनेक्शनचं कोटेशन. ते भरलेलंच नव्हतं. रक्कम काही हजारांत. लाखोंची इमारत काही हजारांसाठी अंधारात!

आमच्या नगरसेवकांना हे दाखवलं, तर ते म्हणाले, "मला तर वाटलं वीज कंपनीच मीटर देत नाही." ते खोटं बोलत नव्हते. त्यांनीही फाइल कधी उघडून बघितली नव्हती.

त्यांनी विषय सर्वसाधारण सभेत मांडला. आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसलो होतो. अडीच महिन्यांनी मीटर बसलं. आमच्यामुळेच बसलं असं मी म्हणणार नाही, कदाचित बसणारच होतं. पुस्तकं अजून आलेली नाहीत. पण रात्री नऊपर्यंत दिवे असतात आणि माझी मैत्रीण तिथं बसते.

चेंडू कुणाच्या कोर्टात?

यातून मला एक गोष्ट कळली. लहान गावात काम अडतं, तेव्हा दर वेळी कुणी पैसे खाल्लेलेच असतात असं नाही. बऱ्याचदा जबाबदारी दोन टेबलांच्या मध्ये पडलेली असते.

नगरपंचायतीत दोन बाजू असतात. एक, निवडून आलेले नगराध्यक्ष आणि नगरसेवक. ते ठराव करतात, पैसा कशावर खर्च करायचा ते ठरवतात. दुसरी, मुख्याधिकारी. ते राज्य सरकारचे अधिकारी, ठरावाची अंमलबजावणी त्यांच्याकडे. मग काय होतं? नगरसेवक म्हणतात, मुख्याधिकारी ऐकत नाहीत. कार्यालय म्हणतं, ठरावच नाही. मध्ये आपण चकरा मारतो.

म्हणून विचारताना "काम का होत नाही?" असं विचारू नका. विचारा, "याचा ठराव झालाय का? झाला असेल तर क्रमांक आणि तारीख?" ठराव नसेल तर नगरसेवकाकडे जा. असेल तर मुख्याधिकाऱ्यांकडे. या एका प्रश्नानं निम्म्या चकरा वाचतात.

सभा चालते 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायत आणि औद्योगिक नगरी अधिनियमानुसार. त्यात साधारण सभा दोन महिन्यांतून एकदा घ्यायला सांगितलंय. एरवी ती लोकांसाठी खुली असते. तुम्हाला बोलता येत नाही, पण बसता येतं. आणि बघायला कुणीतरी बसलंय म्हटलं की सभेत बोलायची पद्धत बदलते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

पैसा कुणाचा?

नगरपंचायतीचा पैसा येतो तुमच्या घरच्या मालमत्ता करातून, पाणीपट्टीतून, गाळ्यांच्या भाड्यातून. मोठा भाग येतो सरकारी अनुदानातून. यात 15 व्या वित्त आयोगाचं नाव लक्षात ठेवा. 2021 ते 2026 या काळासाठी लहान शहरांना मिळालेल्या या निधीतला 60 टक्के भाग बांधील होता. निम्मा स्वच्छतेसाठी, निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी. तो दुसरीकडे वळवायचा नव्हता. म्हणजे "पाण्यासाठी पैसेच नाहीत" असं कुणी म्हणालं, तर पुढचा प्रश्न तयार: त्या बांधील निधीतून काय काय झालं?

वर्षाच्या हिशेबाचं लेखापरीक्षण स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग करतो. त्यांचे आक्षेप वाचायला रुक्ष वाटतात, पण गावाची खरी कुंडली तिथं असते. कुठल्या बिलाला पावती नाही, कुठली वसुली राहिली, सगळं.

आणि हे फक्त तपासण्यापुरतं नाही, ठरवण्यापुरतंही आहे. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात 1989 पासून लोकांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात बसून अंदाजपत्रकातली कामं ठरवायला सुरुवात केली. आपल्याकडं पुणे महापालिका 2006-07 पासून नागरिकांकडून आपापल्या भागातली कामं सुचवून घेते. पुण्याला जमतं तर 17 प्रभागांच्या गावाला जास्तच सोपं. इथं तर नगरसेवक चहाच्या टपरीवरही भेटतो! पण ओळखीत मागितलेलं काम ही मेहेरबानी ठरते. कागदावर मागितलं की तो हक्क होतो. एरवी ज्याची ओळख त्याची नाली आधी साफ, आणि ज्याची नाही त्यानं वाट बघायची.

हे करून बघा

1. प्रभाग क्रमांक, नगरसेवकाचं नाव आणि मुख्याधिकाऱ्यांचं नाव माहीत करून घ्या. आजच.

2. सोमवारी 3 ते 5 मध्ये जा. एकच काम निवडा, त्याचीच फाइल मागा. दोघं-तिघं मिळून जा, वही न्या, आवाज चढवू नका.

3. फाइल दाखवली नाही तर माहितीचा अधिकार, 2005. साधा अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. उत्तराची मुदत 30 दिवस. आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. "का केलं नाही?" विचारू नका, कागदाची प्रत मागा.

4. दाखल्यांसाठी लोकसेवा हक्क अधिनियम, 2015. कोणती सेवा किती दिवसांत आणि कोण देणार, याचा फलक कार्यालयात लावायचा असतो. अर्जाची पोच घ्याच. विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंडाची तरतूद आहे.

5. पुढची सर्वसाधारण सभा कधी आहे ते विचारा आणि जाऊन बसा.

एक शेवटचं. मतदानाचं वय 18, हे सगळ्यांना पाठ आहे. नगरसेवकपदाची निवडणूक लढवायला किती लागतं? 21. मी 22 वर्षांची आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं मी गाव चालवायलासुद्धा लायक आहे, निदान एक फाइल वाचायला तरी नक्कीच.

तुमच्या गावातही एखादं कुलूप असेल. पाण्याच्या टाकीला, बंद शौचालयाला, नाहीतर वाचनालयाला. त्याचा फोटो स्टेटसला टाका, हरकत नाही. पण येत्या सोमवारी तीन वाजता कुठं असायचं, तेही ठरवून टाका.