कायाक : शिकाऱ्याची होडी, विहाराची नौका

ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर इमारती लाकडाची अरण्ये नाहीत. समुद्राने वाहून आणलेले लाकूड आणि सीलचे कातडे एवढ्या साहित्यातून तेथील इनुइट लोकांनी जी होडी सिद्ध केली, तीच कायाक. ती शिकाऱ्याच्या अंगाच्या मापाने बेतलेली व वरून झाकलेली असे. बसण्यापुरते भोक आणि हाती दुपाती वल्हे. बर्फाळ पाण्यात होडीबाहेर पडणे म्हणजे बहुधा मरणच. म्हणून उलटलेली होडी वल्ह्याच्या फटकाऱ्याने सरळ करण्याची विद्या शिकावी लागे. ती अवगत केलेला ब्रिटिश संशोधक जिनो वॉटकिन्स १९३२ साली तेथे एकटा शिकारीस गेला. सापडली ती त्याची रिकामी कायाक.

पुढे ही होडी विहाराचे साधन झाली. १९०५ साली म्यूनिकच्या आल्फ्रेड हॉयरिख या विद्यार्थ्याने घडी घालून आगगाडीतून नेता येणारी कायाक रचली. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये कायाकच्या शर्यती झाल्या.

आज तिचे प्रकार पाण्याच्या स्वभावावरून ठरतात. समुद्री कायाक लांब व अरुंद. ती सरळ जाते आणि दूरच्या सफरीचे सामान पोटात घेते. ऋषिकेशच्या गंगेसारख्या खळाळत्या प्रवाहास आखूड, चटकन वळणारी कायाक हवी. शांत तलावावर नवशिक्यास रुंद, उघड्या बैठकीची होडी बरी. पडला तरी पुन्हा चढता येते. होडी कोणतीही असो, अंगावर तरंगजाकीट हवेच. होडीचा हेतू पालटला, पाण्याचा स्वभाव पालटलेला नाही.