अहवालातील ‘शिरेजवळची चरबी’ : एक खुलासा

पोटाच्या सीटी स्कॅनचा अहवाल हाती आला की नातेवाईक तो घरी नेऊन ओळीओळीने वाचतात. त्यात ‘पेरिकेव्हल फॅट’ हे शब्द दिसले, की मोठ्या शिरेत गाठ आहे, असा समज होऊन सारे घर काळजीत पडते. शस्त्रक्रियेच्या खर्चाची चौकशी मग आमच्या कार्यालयात येते. म्हणून हा खुलासा.

शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे नेणारी अधोमहाशीर यकृताच्या मागून वर जाते. यकृताच्या शिरा तिला जेथे मिळतात, त्या सुमारास तिच्या भिंतीला लागून, परंतु बाहेर, थोडी चरबी असू शकते. तेथे शीर किंचित वळते व निमुळती होते. स्कॅनच्या आडव्या छेदात शीर आणि चरबी एकत्र सापडली, तर चरबी शिरेच्या आत असल्याचा भास होतो. उभ्या छेदात ती बाहेरच असल्याचे स्पष्ट होते. हे उभे छेद बहुधा पहिल्याच स्कॅनच्या माहितीवरून संगणकावर तयार करता येतात. त्यासाठी रुग्णाला पुन्हा यंत्राखाली जावे लागत नाही.

दुसरी खूण आकड्यांची. सीटी स्कॅनचे जनक गॉडफ्रे हाऊन्सफील्ड (नोबेल पारितोषिक, १९७९) यांच्या नावाच्या मापनात पाणी शून्य, हवा उणे १०००, तर चरबी साधारणतः उणे ५० ते उणे १०० या दरम्यान येते. रक्ताच्या गुठळीचा आकडा शून्याच्या वर असतो. हिशेबाच्या वहीत ‘उणे’ दिसले की आमच्या छातीत धस्स होते; येथे मात्र तोच आकडा दिलासा देतो.

या चरबीमुळे रक्तप्रवाह अडत नाही. तिला औषध नको, शस्त्रक्रिया नको. यकृताचा सिरोसिस झालेल्या रुग्णांत ती अधिक आढळते. यकृताचा आकार बदलल्याने शिरेचा कलही बदलतो, हे त्याचे कारण मानले जाते. अशा वेळी उपचार यकृतावर करावयाचे असतात.

शिरेच्या आत खरोखरच मेदयुक्त गाठ असणे फार दुर्मीळ; मूत्रपिंडातील काही गाठी क्वचित तेथवर पोहोचतात. हा भेद क्ष-किरणतज्ज्ञच करू शकतात. यास्तव नातेवाइकांनी केवळ कागद न आणता स्कॅनची सीडीही सोबत आणावी आणि ‘चरबी शिरेच्या बाहेर आहे ना?’ असे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे.