समुद्र खवळल्यावर 'बास' पकडायला कोणता ल्यूर? रंग सर्वांत शेवटी बघा!

ब्रिटनच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉलचा खडकाळ किनारा आहे. तिथे वारा सुटला आणि लाटा खडकांवर आपटू लागल्या की पर्यटक घरी पळतात. काही हौशी मासेमार मात्र नेमके त्याच वेळी काठी आणि रीळ घेऊन बाहेर पडतात. त्यांना हवा असतो 'बास'.

हा बास म्हणजे युरोपियन सी बास. आपल्या रायगडच्या खाड्यांमधला जिताडाही इंग्रजीत 'एशियन सी बास' म्हणूनच ओळखला जातो. पण साम्य मुख्यतः नावापुरतं, दोघांची कुळं वेगळी आहेत. युरोपियन बास अटलांटिकच्या थंड पाण्यातला चंदेरी मासा आहे आणि उसळत्या पाण्यात शिकार करण्यात तो पटाईत असतो.

कारण सोपं आहे. लाट फुटली की खडकांच्या फटींतले खेकडे आणि कोळंबी सुटून पाण्यात येतात. लहान मासे त्या घुसळणीत भांबावतात. वरच्या पांढऱ्या फेसामुळे खाली दबा धरलेला बास त्यांना दिसत नाही. बासला मात्र कमी उजेडातही काम चालवता येतं, कारण माशांच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक संवेदनशील रेषा असते आणि तिच्यामुळे पाण्यातली हालचाल त्यांना जाणवते.

म्हणजे वादळी दिवशी मासा खोल समुद्रात नव्हे, तर बऱ्याचदा काठाजवळच्या फेसात असतो. ल्यूर निवडताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

ल्यूर म्हणजे काय?

ल्यूर म्हणजे नकली आमिष. लाकूड, प्लास्टिक, धातू किंवा मऊ रबरासारख्या पदार्थाचा, गळ लावलेला खोटा मासा. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी १९३६ साली बुचाच्या लाकडापासून असा मासा कोरला आणि त्याला चमकदार कागद गुंडाळला. जखमी माशासारखं डळमळत पोहणं ही त्याची खासियत होती. आज दुकानात शेकडो प्रकार मिळतात आणि नवखा माणूस साहजिकच रंग बघून खरेदी करतो. खवळलेल्या समुद्रात मात्र दोन प्रश्न आधी येतात: हा ल्यूर वाऱ्यात फेकता येईल का? आणि पडल्यावर पाण्यात टिकेल का?

पहिली परीक्षा वाऱ्याची

समोरून वारा असताना हलका, फुगीर ल्यूर हवेतच कोलांट्या खातो आणि पायाशी येऊन पडतो. त्यामुळे सडपातळ आणि आकाराच्या मानाने जड ल्यूर हवा. बऱ्याच आधुनिक ल्यूरच्या पोटात धातूच्या गोळ्या असतात. फेकताना त्या शेपटीकडे सरकतात, त्यामुळे ल्यूर बाणासारखा सरळ जातो. ओढायला लागलं की त्या पुढे येतात आणि ल्यूर नीट पोहू लागतो.

सर्वांत लांब जातो तो धातूचा ल्यूर. वाळूच्या किनाऱ्यावर तो उत्तम. पण तो झपाट्याने बुडतो, त्यामुळे उथळ खडकाळ जागेत दोन-तीन फेकींतच कुठेतरी अडकून कायमचा जातो.

दुसरी परीक्षा पाण्याची

शांत पाण्यावर नाचत येणारे, पृष्ठभागावरचे ल्यूर लहानसहान लाटांतही चालतात. पण लाटा मोठ्या झाल्या की ते पाण्यात कमी आणि हवेत जास्त असतात. अशा वेळी कामाला येतो तोंडाशी जिभेसारखी पट्टी असलेला, १२ ते १४ सेंटिमीटरचा लांबट ल्यूर. ओढला की ही पट्टी पाण्याला धरून ठेवते आणि ल्यूर थोडा खाली जातो. पट्टी फारच छोटी असेल तर लाटेच्या पाठीवरून तो घसरत येतो. मग त्याच आकाराचा, हळूहळू बुडणारा ल्यूर बरा.

ओढण्याचीही एक लय असते. लाट किनाऱ्याकडे येताना ल्यूरही तिच्याबरोबर वाहतो, दोरी सैल पडते आणि त्याचं पोहणं थांबतं. तेव्हा रीळ भरभर फिरवायचं. पाणी मागे ओढू लागलं की थांबायचं, कारण तेव्हा प्रवाहच ल्यूरला नाचवतो.

वादळानंतर आणखी एक कटकट असते, ती तुटून आलेल्या समुद्री शेवाळाची. तीन टोकांचा गळ असलेला ल्यूर प्रत्येक वेळी शेवाळाचा झुबका घेऊन परत येतो. इथे गळाचं टोक अंगात लपवलेला मऊ रबरी मासा उपयोगी पडतो. शेपटी पंख्यासारखी असेल तर तो पाण्यात चांगली थरथर निर्माण करतो.

हे सगळं झालं की मग रंग. पाणी फेसाळ पण स्वच्छ असेल तर चंदेरी किंवा पांढरा. गढूळ असेल तर काळपट, म्हणजे वरच्या उजेडापुढे आकृती उठून दिसते, किंवा अगदी भडक. वाळू ढवळून पाणी चहासारखं झालं असेल तर मात्र कोणताच रंग फारसा उपयोगाचा नाही. एक-दोन दिवस थांबून समुद्र ओसरू लागताना जाणं जास्त शहाणपणाचं.

जपानचा संबंध काय?

ब्रिटनमध्ये वापरले जाणारे अनेक ल्यूर मुळात जपानी आहेत. तिथे 'सुझुकी' म्हणजे जपानी सी बास पकडण्याचं मोठं वेड आहे. त्याचा भाऊबंद 'हिरासुझुकी' तर खास खडकांवरच्या फेसातच शोधला जातो. या फेसासाठी जपानी मासेमारांकडे 'साराशी' असा वेगळा शब्दच आहे.

उभं कुठे राहायचं?

लांब फेकण्याच्या नादात माणसं खालच्या खडकावर उतरतात, आणि इथेच जीव जातात. लाटा एकसारख्या येत नाहीत. बराच वेळ शांत गेल्यावर अचानक तीन-चार मोठ्या लाटांचा गट येतो. पाऊस नसताना खडक ओला असेल तर लाट तिथवर पोहोचते, इतकं साधं ते गणित आहे. कोकणात पावसाळ्यात खडकांवर फोटो काढणाऱ्यांनाही ते लागू पडतं. मासा काठाजवळच्या फेसात असेल तर उंच, कोरड्या जागेवरूनही ल्यूर त्याच्यापर्यंत जातो. ब्रिटनमध्ये १८२४ पासून बचावकार्य करणारी आरएनएलआय ही संस्था अशा ठिकाणी लाइफजॅकेट घालायला सांगते. कोणी पाण्यात पडलं तर मागे उडी मारायची नाही. ९९९ वर फोन करून कोस्टगार्ड मागायचं.

मासा लागलाच तर आधी तो मोजावा लागतो. बासची संख्या घटल्यामुळे २०१५ मध्ये किमान लांबीची अट ३६ वरून ४२ सेंटिमीटर झाली. त्याहून लहान मासा परत सोडावाच लागतो, आणि दिवसाला किती मासे घरी न्यायचे यावरही मर्यादा आहे. म्हणून अनेक जण गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करतात. एखादा मासा त्यामुळे निसटतो, पण सोडायचा मासा कमी जखमी होतो.