दोष सुनेचा नाही!

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या महिला मंडळातली एक सून बरेच दिवस दिसली नाही, म्हणून घरी गेले. बाळ नुकतंच रांगायला लागलेलं. गुडघ्यांवर, कोपरांवर काळे-निळे डाग. सासूबाईंना वाटलं, हीच पोराला मारते! रक्त तपासलं तेव्हा कळलं, बाळाला हिमोफिलिया आहे. रक्त गोठवणारा एक घटक, म्हणजे फॅक्टर, कमी. त्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘‘म्हणजे माहेरूनच आणलं हिनं!’’

मैत्रिणींनो, आजार आईकडून येऊ शकतो, पण तो तिचा दोष कसा?

बाईच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात, पुरुषाच्या एक एक्स आणि एक वाय. या आजाराचं जनुक एक्सवर असतं. बाईचं एक एक्स बिघडलेलं असलं, तर दुसरं बहुधा सांभाळून घेतं. ती ‘वाहक’. मुलाला मात्र एकच एक्स, तेही आईकडून. ते बिघडलेलं आलं की सावरायला दुसरं नाही. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला आजाराची आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता निम्मी. दर बाळंतपणात छापा-काटा नव्यानं. थोरला सुटला म्हणून धाकटा सुटेलच असं नाही. बापाला आजार आणि आई वाहक नसेल, तर मुलगे सुटतात, मुली मात्र सगळ्या वाहक. म्हणून आजोबांचा आजार नातवात दिसतो.

इंग्लंडची राणी व्हिक्टोरियासुद्धा वाहक होती. तिचा मुलगा लिओपोल्ड १८८४ साली पडण्याचं निमित्त होऊन गेला. मुलींकडून आजार रशिया, स्पेनच्या राजघराण्यांत पोचला. आणि सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घरात तर आधी कुणालाच तो नसतो. जनुकातला बदल नव्यानं झालेला असतो. मग बोल कुणाला लावायचा?

फॅक्टरचं इंजेक्शन वेळेवर मिळालं, तर ही मुलं शाळेत जातात, मोठी होतात. अॅस्पिरिन मात्र द्यायची नाही आणि कुठलंही इंजेक्शन किंवा दात काढण्याआधी डॉक्टरांना आजार सांगायचाच.

त्या सुनेच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरतंय. माहेरचे म्हणतात, ‘‘तपासणी नको, बोभाटा होईल.’’ मी म्हटलं, ‘‘ती वाहक असेल तर आधी कळू दे. बाळंतपणात डॉक्टर चिमटा, व्हॅक्यूम टाळतील. बाळाचा जीव बोभाट्यापेक्षा मोठा नाही का?’’

पुढच्या आठवड्यात मी तिच्यासोबत जाणार आहे. सासूबाई म्हणाल्या, ‘‘मीही येते.’’